रूलेट: पस्तीसच का मिळतात, छत्तीस का नाहीत?

अपूर्णांक

जुगाराच्या गणितावर इथे अधूनमधून तुकड्यातुकड्यांत चर्चा होते आणि शेवटी "चाकाखाली चुंबक असतं" यावर येऊन थांबते. म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. चुंबकाची गरजच नसते, एवढंच सांगायचं आहे.

एका शून्याचं, ज्याला युरोपीय म्हणतात ते रूलेट घेऊ. फिरत्या चाकावर चेंडू सोडतात, तो ज्या कप्प्यात थांबेल तो आकडा आला. चाकावर ३७ कप्पे: १ ते ३६ आणि एक ०. अठरा लाल, अठरा काळे, शून्य हिरवं. तुम्ही १७ वर एक चिप (पैशांऐवजी लावायची चकती) लावलीत आणि १७ आला, तर लावलेली चिप परत आणि वर ३५. म्हणजे हातात ३६. सदतीसपैकी एका शक्यतेत ३६ हातात, बाकीच्या छत्तीस शक्यतांत हात रिकामा. सरासरी काढली तर लावलेल्या प्रत्येक चिपेमागे ३६/३७ परत येते आणि १/३७, म्हणजे २.७० टक्के, टेबलापलीकडे राहते. याला सगळे हाऊस एज म्हणतात, मी 'वाटा' म्हणेन. छत्तीस दिले असते तर हिशोब चोख बरोबरीचा झाला असता. ती एक न दिलेली चिप म्हणजे कॅसिनोचा सगळा धंदा.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. दोन आकड्यांमधल्या रेषेवर चिप ठेवली तर १७ मिळतात, तीन आकड्यांच्या ओळीवर ११, चारच्या चौकोनावर ८, सहांवर ५, डझनावर २, लाल-काळ्यावर १. वरवर पाहता या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण सगळे एकाच साच्यातून निघाले आहेत: ३६ भागिले तुम्ही अडवलेले आकडे, वजा एक. सहा आकडे अडवले तर ३६/६ − १ = ५. जिंकायची शक्यता ६/३७, जिंकलात तर हातात ६, गुणाकार पुन्हा ३६/३७. चिप कुठेही ठेवा, गुणाकार तोच. भाव ३६ कप्प्यांच्या चाकाचे, आणि फिरतं ते ३७ कप्प्यांचं.

अमेरिकी चाकावर ० च्या जोडीला ०० असतं. कप्पे ३८, भाव तेच जुने, त्यामुळे वाटा २/३८ म्हणजे ५.२६ टक्के. त्या टेबलावर ०, ००, १, २, ३ अशी पाच आकड्यांची एक पैज आहे. साच्यात घालून पाहा: ३६/५ − १ = ६.२. चिपेचा पाचवा भाग मोडून कोण देणार? म्हणून सरळ ६ देतात. वरचे ०.२ कुणाकडे राहिले हे सांगायला नको. या एकाच पैजेवर वाटा ७.८९ टक्क्यांवर जातो. अलीकडे तीन शून्यांची चाकंही आली आहेत, तिथे ३/३९, म्हणजे ७.६९.

एक शून्य हा काही दयाळूपणा नव्हे. फ्रांस्वा आणि लुई ब्लां या भावांनी १८४३ मध्ये जर्मनीतल्या बाट होम्बुर्गला एका शून्याचं चाक आणलं, ते दोन शून्यांवाल्या स्पर्धकांची गिऱ्हाइकं ओढायला. भाव पाडून माल खपवायचा, बाकी काही नाही. पुढे माँटे कार्लोचं कॅसिनो याच फ्रांस्वाने नावारूपाला आणलं.

काही टेबलांवर फ्रेंच नियम असतो: लाल-काळा, सम-विषम अशा बरोबरीच्या पैजांवर शून्य आलं तर अर्धी रक्कम परत. तिथे वाटा १.३५ टक्के. रूलेटमध्ये याहून स्वस्त काही मिळत नाही.

शंका, दुरुस्त्या आणि 'हमखास' पद्धती, सगळ्यांचं स्वागत.

उगाच

पहिला!

हमखास पद्धत एकच: कॅसिनोमालकाच्या घरी सोयरीक जमवणे. (हलके घ्या.)

किलवर गुलाम

ताई, लेख झकास. पण हे झालं एका डावाचं गणित. खेळणारा एक डाव खेळून उठतो का? लालवर १ लावा. हरलात तर २, मग ४, मग ८. कधी ना कधी लाल येणारच, आला की मागचं सगळं वसूल आणि वर १ चिप नफा. पुन्हा १ पासून सुरू. ऑनलाइन फुकटच्या टेबलावर मी हे बऱ्याचदा केलं आहे आणि बहुतेक वेळा चालतंच. तुमचे २.७ टक्के यात कुठे बसतात तेवढं दाखवा.

अपूर्णांक

@किलवर गुलाम, "बहुतेक वेळा चालतं" हे शंभर टक्के खरं आहे. पद्धतीचं दुखणंही तेच आहे.

दाखवते. १ पासून दुप्पट करत सलग दहा डाव हरलात की गेलेल्या चिपा १ + २ + ४ + … + ५१२ = १०२३. अकराव्याला १०२४ लावायला हव्यात. तिथे एकतर खिसा संपतो किंवा टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते (ती मर्यादा नेमकी याचसाठी लिहिलेली असते असं पुष्कळांना वाटतं, ती नसली तरी फरक पडत नाही, ते खाली दिसेलच). लाल न येण्याची शक्यता १९/३७. तिचा दहावा घात ०.००१२७५, म्हणजे साधारण ७८४ फेऱ्यांत एकदा. ९९.८७ टक्के फेऱ्यांत १ चिप मिळते आणि ०.१२७५ टक्के फेऱ्यांत १०२३ जातात. गुणून वजाबाकी करा: एका फेरीमागे सरासरी ०.३०५६ चिपेचा तोटा.

आता हेच गणित उलट बाजूने. एका फेरीत तुम्ही सरासरी किती चिपा टेबलावर ठेवता? पहिली चिप तर नक्कीच. दुसऱ्या डावापर्यंत जायची शक्यता १९/३७ आणि तिथे २ चिपा, तिसऱ्यापर्यंत त्याचा वर्ग आणि तिथे ४, असं दहापर्यंत. बेरीज येते ११.३०८. तिला ३७ ने भागा. ०.३०५६.

या धाग्यात मला जे सांगायचं आहे ते या दोन सारख्या आकड्यांत सगळं आलं. सरासरी तोटा म्हणजे एकूण लावलेल्या चिपा भागिले ३७. कोणत्या क्रमाने लावल्या, आधीच्या डावात काय आलं होतं, दुप्पट केलं की निम्मं केलं, यातलं काहीही त्या सूत्रात नाही. प्रत्येक चिप स्वतंत्रपणे आपला १/३७ ठेवूनच परतते आणि उण्या आकड्यांची बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी उणीच येते. दालँबेरची पद्धत, फिबोनाचीची, लाबूशेरची, सगळ्यांना हेच लागू. पद्धतीने तोट्याचा फक्त आकार बदलतो: पुष्कळदा थोडं जिंकून एकदाच सगळं घालवायचं, की पुष्कळदा थोडं हरून क्वचित मोठं जिंकायचं. तेवढी निवड तुमच्या हातात आहे.

किलवर गुलाम

आणि पैसे अमर्याद असतील तर? मर्यादाही नाही असं धरू.

डावखुरा

ज्याच्याकडे अमर्याद चिपा आहेत तो एक चिप जिंकायला रात्रभर बसणार? बरं, जिंकल्यावर त्याच्याकडे किती झाल्या?

निळी शाई

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

"कधी ना कधी लाल येणारच" यावरून १८ ऑगस्ट १९१३ ची माँटे कार्लोची रात्र आठवली. त्या दिवशी एका टेबलावर काळा सलग २६ वेळा आला. पंधरा-सोळा काळे झाल्यावर लोक लालवर अक्षरशः पैसे ओतू लागले, कारण "आता तरी". आधीच सांगून सलग २६ काळे येण्याची शक्यता १८/३७ चा २६ वा घात, म्हणजे सुमारे १३ कोटी ६८ लाखांत एक. पण पंचवीस काळे होऊन गेल्यावर सव्विसावा काळा येण्याची शक्यता पहिल्या डावाला होती तेवढीच, १८/३७. चेंडूला स्मरणशक्ती नसते.

याहून मला कार्ल पिअर्सनची हकिगत जास्त आवडते. संख्याशास्त्रातला हा थोर माणूस. माँटे कार्लोच्या चाकांचे निकाल तिथल्या वृत्तपत्रात छापून येत, ते त्याने तपासायला घेतले आणि १८९४ मध्ये त्यावर लेख लिहिला. लाल-काळ्याची एकूण बेरीज जमत होती, पण एकाच रंगाच्या सलग रांगा जितक्या लांबीच्या जितक्या वेळा यायला हव्यात तशा येत नव्हत्या. फरक इतका प्रचंड की योगायोग म्हणायची सोय उरली नाही. पिअर्सनने खापर चाकावर फोडले. नंतर सांगितले जाते ते असे, की वार्ताहर टेबलापाशी उभे राहण्याचा कंटाळा करून मनचे आकडे लिहून पाठवत. माणसाने 'यादृच्छिक' म्हणून लिहिलेली यादी गणिताला लगेच ओळखू येते, कारण सलग पाच-सहा लाल लिहायला हात धजत नाही.

प्रश्नचिन्ह

@निळी शाई, पण मोठ्या संख्येचा नियम म्हणतो ना, की शेवटी लाल आणि काळ्याचं प्रमाण सारखं होतं? मग काळे जास्त झाले असतील तर लालने भरपाई करायलाच हवी. चेंडूला आठवत नसेल, पण नियमाला तर आठवतं?

अपूर्णांक

फार चांगला प्रश्न. मोठमोठी माणसं इथेच अडकतात.

भरपाई होत नाही, पातळ होतं. समजा लागोपाठ २० काळे आले. इथून पुढे १००० डाव खेळलात तर त्या हजारांत लाल आणि काळे सरासरीने सारखेच येतील. म्हणजे शेवटी काळे अजूनही सरासरीने २० ने पुढेच असतील. फक्त आधी २० पैकी २० ची आघाडी होती, आता १०२० मध्ये २० ची. प्रमाण पन्नाशीकडे आलं (शून्य सोडून बोलते आहे), आघाडी मात्र कुणी परत केली नाही. उलट डाव वाढतात तसा लाल-काळ्यातला प्रत्यक्ष फरक डावांच्या वर्गमुळाच्या हिशोबाने फुगतच जातो. नियम प्रमाणाबद्दल बोलतो, फरकाबद्दल अवाक्षर काढत नाही.

उगाच

मग टेबलाशेजारी मागचे आकडे झळकवणारा तो दिव्यांचा फलक कशाला असतो?

अपूर्णांक

त्यातून काहीही कळत नाही म्हणूनच तो फुकट दाखवतात. कळत असतं तर पहिल्या दिवशी काढून टाकला असता.

डावखुरा

आता मी एक कोडं टाकतो. एका शून्याचं चाक. मी दर वेळी एकाच आकड्यावर, समजा २३ वर, एक चिप लावतो. ३५ डाव खेळून उठायचं ठरवलं आहे. उठताना नफ्यात असण्याची शक्यता किती?

एकदा जरी २३ आला तरी ३५ मिळतात आणि बाकीच्या ३४ डावांत ३४ जातात, म्हणजे १ ने पुढे. नफ्यात नसण्यासाठी ३५ ही डावांत २३ ने तोंडच दाखवायला नको. त्याची शक्यता ३६/३७ चा ३५ वा घात, ०.३८३. मग नफ्यात असण्याची शक्यता ६१.७ टक्के!

प्रोग्रॅम लिहूनही पडताळलं, तेवढंच येतं. आता सांगा, कॅसिनो दर तीन माणसांतल्या जवळपास दोघांना जिंकवतं आणि तरी बुडत कसं नाही?

किलवर गुलाम

बघा! मी म्हणत होतो ना? पस्तीस डाव खेळा आणि उठा!

प्रश्नचिन्ह

मला वाटतं की जिंकणारे थोडंच जिंकतात. एकदा लागला तर एकच चिप नफा. आणि ज्यांचा नाही लागला त्यांच्या पूर्ण ३५ जातात.

अपूर्णांक

@प्रश्नचिन्ह, शाब्बास. त्यात एवढीच भर घाला की दोन-तीनदा लागणारेही असतात, ते ३७, ७३ असे जिंकतात. सगळ्यांची सरासरी केली की ३५ चिपा लावल्या म्हणून ३५/३७, साधारण ०.९५ चिपेचा तोटा. सूत्राने बोट ठेवलं होतं तिथेच.

आणि डावखुरा साहेबांनी ३५ हा आकडा काही सहज निवडलेला नाही. आणखी एक डाव खेळा, ३६, तर एकदाच लागलेला माणूस नफ्यातून बरोबरीवर येतो. ३७ खेळा, तो १ ने तोट्यात जातो, आणि नफ्यासाठी आता किमान दोनदा लागायला हवा. ती शक्यता २६.४ टक्के. दोन डावांत ६१.७ वरून २६.४! खेळात तसूभर फरक नाही, सरासरी तोटा ०.९५ चा १ झाला, बस. "जिंकण्याची शक्यता" हा आकडा एकटाच कुणी समोर ठेवला की मी आधी विचारते, हरलात तर किती जातात?

जाता जाता, ३७ डावांत सगळे ३७ आकडे येतील असं वाटतं ना? साधारण २३-२४ च वेगवेगळे येतात. एक तृतीयांशाहून जास्त आकडे फिरकतच नाहीत. 'थंड' आकड्यांवर पैसे लावणारे या एका गोष्टीवर पोसले जातात.

वाचनमात्र

इतकी वर्षं फक्त वाचत होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं. एक बाळबोध प्रश्न. लोक जिंकून येतात हे तर खरंच असतं. मग कॅसिनोला भीती वाटत नाही?

आणि बाकीच्या खेळांत काय असतं? बॅकरा, ब्लॅकजॅक, फासे, ती नाण्यांची यंत्रं?

डावखुरा

पहिल्याचं उत्तर मी देतो. लालवर एकेक चिप लावून १०० डाव खेळलात तर सरासरी तोटा २.७ चिपा, पण नशिबाचा झोका साधारण १० चिपांचा. झोका तोट्यापेक्षा मोठा, म्हणून साधारण ३६ टक्के लोक नफ्यात उठतात. हेच १०,००० डाव खेळलात तर तोटा २७०, झोका फक्त १००. नफ्यात उठणारा तीनशेत एक. तुम्ही शंभर डाव खेळता, कॅसिनो दहा लाख. एकाच खेळात तुम्ही नशिबाच्या टोकाला बसलाय आणि ते सरासरीच्या. म्हणूनच त्यांना निर्मळ चाक हवं असतं. तिरकं चाक सरासरी बिघडवतं.

अपूर्णांक

दुसऱ्याचं मी.

बॅकरात ठरवायला काही नसतंच, पत्ते ठरलेल्या नियमाने पडतात. बँकर आणि प्लेअर असे दोन हात वाटतात, पैज कुठला जिंकेल त्यावर. पत्त्यांच्या आठ जोडांच्या खेळात बँकर ४५.८६ टक्के, प्लेअर ४४.६२, बरोबरी ९.५२. बँकर जास्त वेळा जिंकतो म्हणून त्याच्या जिंकण्यावर ५ टक्के कापून घेतात. कापल्यावरही वाटा १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४. दोन्ही रूलेटहून बरे. मात्र बरोबरीच्या पैजेवर सहसा आठपट देतात आणि तिथला वाटा १४ टक्क्यांच्या वर आहे. एकाच कापडावर, वीतभर अंतरावर, तेरापट महाग माल.

फाशांच्या क्रॅप्समध्ये पास लाइन नावाची मुख्य पैज ४९५ पैकी २४४ वेळा लागते, वाटा १.४१ टक्के. त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. पहिल्या फेकीत पॉइंट (जिंकायला ७ च्या आधी पुन्हा पडायला हवा तो आकडा) ठरला की मूळ पैजेमागे आणखी चिपा ठेवता येतात, त्याला ऑड्स म्हणतात, आणि त्यावर वाटा शून्य. पॉइंट ४ असेल तर ४ पडायचे ३ मार्ग, ७ पडायचे ६, आणि देतातही बरोबर दुप्पट. चोख. आणि ही एकच न्याय्य पैज टेबलाच्या कापडावर छापलेली नसते! बाकी सगळ्या रंगीत चौकोनांत असतात.

यंत्रांबद्दल बोलायचं तर तिथे भाव दिसतात, शक्यता दिसत नाहीत. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना एक पेटंट मिळालं. डोळ्यांना दिसणाऱ्या चाकावर समजा २२ थांबे आहेत. आत मात्र संगणक ६४ आकड्यांतून एक निवडतो आणि तो कुठल्या थांब्याला जोडायचा ते आधीच ठरलेलं असतं. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला एकच आकडा, त्याच्या लगतच्या रिकाम्या थांब्यांना भरपूर. तीन चाकं धरली तर डोळ्यांना दिसते ती शक्यता १०,६४८ मध्ये एक, आणि खरी २,६२,१४४ मध्ये एक. शिवाय "अरे, एका घराने हुकलं" हे दृश्य मुद्दाम वरचेवर दिसतं. रूलेट त्या मानाने सज्जन: जे आहे ते चाकावर लिहिलेलं आहे.

किलवर गुलाम

ब्लॅकजॅक राहिलं. तो माझा प्रांत.

नियम चांगले असतील आणि प्रत्येक हाताला पुस्तकी चाल खेळलात तर वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण हल्ली ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले तर, ३ ला २ ऐवजी ६ ला ५ देणारी टेबलं आहेत. दोन पत्त्यांत एकवीस साधारण २१ हातांत एकदा येतात, त्यामुळे एवढ्याशा बदलाने वाटा १.४ टक्क्याने वाढतो. पाटी वाचून बसा.

आणि ताई, तुमचं "क्रमाला महत्त्व नाही" इथे चालत नाही बरं का. वाटलेले पत्ते लगेच परत जोडात जात नाहीत. एक्के आणि दहा उरले असतील तर पुढचा हात खेळणाऱ्याच्या बाजूचा. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ मध्ये हे पुस्तक लिहून जगजाहीर केलं. पत्त्यांना आठवतं!

अपूर्णांक

एकदम मान्य, आणि फार नेमकं मांडलंत. तिथे प्रत्येक हाताचा वाटा बदलता असतो, कधी कधी उणा होतो, म्हणून कधी जास्त लावायचं याला अर्थ आहे. रूलेटला तो दर डावाला १/३७ वर खिळलेला आहे. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी भांडवलाचा कितवा हिस्सा लावावा याचं सूत्र दिलं. रूलेटचे आकडे त्यात घातले की उत्तर उणं येतं, म्हणजे एक चिपही लावू नये.

रानवारा

अवांतर: नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या दोन फांद्यांवरची पानं-फळं नुसत्या नजरेने सांगतो, नळ मोजून खात्री करतो, आणि मग अश्वविद्येच्या बदल्यात त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो. फाशांची विद्या आणि झटपट मोजदाद या दोन गोष्टी एकाच माणसाकडे असाव्यात हे लिहिणाऱ्याला सुचलं, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. चालू द्या.

निळी शाई

@रानवारा, क्या बात है.

रूलेटला हरवणारे लोक झाले आहेत, पण त्यांतल्या कुणाकडे पैज लावण्याची पद्धत नव्हती. त्यांनी चाकाकडे पाहिले. यॉर्कशायरच्या कापड धंद्यातला जोसेफ जॅगर याने एकोणिसाव्या शतकात माँटे कार्लोत माणसे लावून आकडे टिपून घेतले आणि एका चाकाचा कल शोधून काढला. १९९० च्या दशकात गोंझालो गार्सिया-पेलायो याने माद्रिदमध्ये तेच केले. प्रकरण स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

दुसरी वाट भौतिकशास्त्राची. चेंडू सुटल्यावरही थोडा वेळ पैजा घेतात. तेवढ्यात चाकाचा आणि चेंडूचा वेग मोजता आला तर? ब्लॅकजॅकवाले तेच थॉर्प आणि माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९६१ मध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक केला. पायाच्या अंगठ्याने कळ दाबायची, कानात सूर ऐकू येणार, त्यावरून चाकाचा आठवा भाग ओळखायचा. लास व्हेगासला नेऊन वापरलाही. अंदाज बरोबर येत होता, कानाची बारीक तार मात्र सारखी तुटत होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डॉइन फार्मर आणि मित्रांनी बुटात बसणारा संगणक केला. १९८५ मध्ये नेवाडाने अशा उपकरणांवर कायद्याने बंदी घातली.

किलवर गुलाम

म्हणजे आकडे टिपत बसलो तर जमेल!

डावखुरा

हिशोब करून बघा. एखाद्या आकड्यावर नुसतं बरोबरीत यायला तो ३७ ऐवजी ३६ डावांत एकदा यायला हवा. समजा एक कप्पा चांगलाच सैल आहे आणि ३३ मध्ये एकदा येतो. हा योगायोग नाही असं तीन प्रमाण विचलनांच्या (नशिबाच्या नेहमीच्या झोक्याच्या तिप्पट फरकाच्या) खात्रीने म्हणायला सुमारे २२,००० डाव टिपावे लागतील. तासाला चाळीस डाव धरले तर साडेपाचशे तास. आणि इतकं करूनही, अगदी चोख चाकावरसुद्धा, ३७ पैकी एखादा आकडा निव्वळ नशिबाने ती रेषा ओलांडण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास असते. दरम्यान कॅसिनो तेच आकडे स्वतः संगणकावर बघत असतं आणि चाक बदलतं.

किलवर गुलाम

तुम्ही लोक सगळ्यावर पाणी ओता. ठीक आहे, शेवटचा प्रश्न. माझ्याकडे १०० चिपा आहेत, २०० झाल्याशिवाय किंवा सगळ्या गेल्याशिवाय उठायचं नाही. कसं खेळू? "खेळू नका" हे उत्तर चालणार नाही.

अपूर्णांक

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर आहे.

लालवर एकेक चिप लावत गेलात तर २०० ला पोचायची शक्यता २२४ मध्ये १. पाच-पाच लावल्यात तर २५.३ टक्के. शंभरच्या शंभर एकदाच लावल्यात तर ४८.६५ टक्के. जपून खेळणारा सर्वांत आधी मरतो, कारण जपून खेळायला पुष्कळ चिपा सरकवाव्या लागतात आणि दर चिपेला ३७ वा भाग जातो.

डावखुरा

ताई, ४८.६५ च्याही वर जाता येतं. तुमचंच सूत्र वापरतो: शक्यता = (१०० − लावलेल्या एकूण चिपांची सरासरी/३७)/२००. म्हणजे सरासरीने १०० हून कमी लावून काम व्हायला हवं. लाल सोडा, एका आकड्यावर लावा, पण एवढंच की लागला तर नेमके २०० व्हावेत. पहिल्यांदा सुमारे २.८६, हरलात तर पुढच्या वेळी किंचित जास्त. लवकर लागला तर बाकीच्या चिपा टेबलावर जातच नाहीत. शेवटी उरलेली चिल्लरही तशीच धीटपणे लावायची. चिप हवी तितकी बारीक करता येते असं धरलं तर शक्यता ४९.० टक्के येते.

अपूर्णांक

सुंदर! पण फ्रेंच नियमाचं टेबल मिळालं तर इतका खटाटोप नको. सगळे एकदाच लालवर. शून्य आलं तर अर्धे परत मिळतील, त्यांवर पुन्हा तेच. ४९.३ टक्के.

उगाच

@किलवर गुलाम, ०.३ टक्क्यासाठी टेबल शोधायला निघालात का?

किलवर गुलाम

निघालो. पण आधी ती फ्रेंच टेबलाची पाटी कशी ओळखायची ते सांगा.

निळी शाई

कापडावर 'ला पार्ताज' लिहिले असेल तर अर्धे परत. 'आँ प्रिझाँ' असेल तर शून्य आल्यावर पैज अडकवून ठेवतात आणि पुढच्या डावात जिंकलात तर नुसती मूळ रक्कम सुटते. अडकलेली असताना पुन्हा शून्य आले तर काय, हे जागोजागी वेगळे असते. तेवढे विचारून बसा.